काफीची घडी

गिटार सुरात लावा, डावा हात मांडीवर ठेवा आणि उजव्या हाताचा अंगठा जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत एकदा सावकाश ओढा. नवीन आलेलं प्रत्येक लेकरू सगळ्यात आधी हेच करतं. मग मान वर करून विचारतं, "सर, हे काय वाजलं?" पुष्कळ वर्षं मी "काही नाही, मोकळ्या तारा आहेत" असं सांगून त्याला सरळ पहिल्या कॉर्डकडे नेत होतो. ते उत्तर चुकीचं होतं. मोकळ्या तारांत पुरी कॉर्ड वाजत होती, तीही अशी की शिकणारे तिच्यापर्यंत तीन-चार वर्षांनी पोचतात आणि बरेच जण पोचतच नाहीत.

आमच्या भागात गिटारचे सूर इंग्रजी अक्षरांनी कळत नाहीत, पेटीच्या पट्ट्यांनी कळतात. युसूफ वडगावात किंवा केज तालुक्यातल्या कुठल्याही गावात भजनाला बसलेल्या माणसाला 'ई' म्हटलं तर तो तुमच्याकडे बघत राहील. 'पांढरी तीन' म्हटलं की त्याचं बोट आपोआप तिथे जाईल. म्हणून या वहीत सगळीकडे दोन्ही नावं दिली आहेत. गिटारच्या सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेपासून मोजत आलं तर मोकळ्या तारा अशा : पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि दोन सप्तकं वर पुन्हा पांढरी तीन. आता पांढरी तीनला सा माना. सा, मध्यम, कोमल निषाद, कोमल गांधार, पंचम, सा. सा-कोमल ग-प झाली मायनर कॉर्ड, कोमल नि आला की ती मायनर सेव्हन, आणि वर मध्यम बसला की मायनर इलेव्हन. रिषभ तेवढा बाहेर राहिला. तो का राहिला आणि राहिला तर बिघडतं का, हे पुढे येईलच.

आता डाव्या हाताचं एकच बोट उचला. सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पुन्हा अंगठा ओढा. वरच्या पाचही तारा जशा होत्या तशाच मोकळ्या आहेत. फक्त तळाशी पांढरी तीन होती तिथे पांढरी पाच आली. आता पांढरी पाचला सा मानून ऐका : सा, रे, प, सा, ग, ध. हा तर भूप! अर्ध्या मिनिटापूर्वी ज्या तारा उदास वाजत होत्या त्याच आता सकाळच्या भूपाळीसारख्या वाजतात. सूर बदलले नाहीत, सुरांची माणसं बदलली नाहीत, फक्त तळाला कोण बसलं ते बदललं. इन्व्हर्जन ही जी काही भानगड आहे ती एवढीच आहे, आणि ती समजायला एक बोट पुरतं. पुढची सगळी वही त्या एका बोटाचं स्पष्टीकरण आहे.

ही मूळची माझी शिकवणीची टिपणं. विद्यार्थी ती मोबाइलवर फोटो काढून नेत, फोटोत आकडे पुसट येत, आणि मग फोन येई, "सर, सात आहे का एक आहे?" त्या फोनांना कंटाळून ती नीट लिहून काढली. वाचकाला साधी मायनर आणि मेजर कॉर्ड धरता यावी, बारे कॉर्डला बोट पुरतं टेकावं आणि पेटीवर सात स्वर ओळखता यावेत, एवढीच अपेक्षा आहे. पाश्चात्त्य स्वरलेखन येत नसलं तरी चालेल. मलाही ते उशिराच आलं.

'विस्तारित मायनर' हे नाव ऐकून पोरं दचकतात, कारण तिच्यात नऊ, अकरा, तेरा असे आकडे येतात. सप्तकात स्वर सात, मग हे तेरा कुठून आले? आकडे वरच्या सप्तकात चालू राहतात, एवढंच. सा एक, रे दोन असं मोजत गेलं की वरचा सा आठवा, त्याच्या पुढचा रे नववा, मध्यम अकरावा, धैवत तेरावा. आता काफी थाट घ्या : सा, रे, कोमल ग, म, प, ध, कोमल नि. त्यातला एक स्वर घ्यायचा, एक सोडायचा, असं करत दोन सप्तकं वर चढा : सा, कोमल ग, प, कोमल नि, रे, म, ध. सातही स्वर संपले. पहिले तीन म्हणजे मायनर, चार म्हणजे मायनर सेव्हन, पाच म्हणजे मायनर नाइन, सहा म्हणजे इलेव्हन, सात म्हणजे थर्टीन. भातखंड्यांनी दहा थाटांत जो काफी मांडला तो पसरून ठेवला की थाट, आणि एकावर एक पदर टाकून घडी घातली की मायनर थर्टीन. मी वर्गात याला 'काफीची घडी' म्हणतो, आणि वहीला नावही तेच दिलं. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी पासोडीवर आख्खा ग्रंथ लिहिला, तीही घडी घालून ठेवता येते. उलगडली की लांबच लांब. तुलना ओढून आणलेली आहे हे कबूल, पण आमच्याकडच्या मुलांना ती लगेच लागू पडते.

मेजर कॉर्डची अशी सुखाने घडी पडत नाही, आणि याचं कारण फार थोड्या पुस्तकांत नीट सांगितलेलं असतं. शुद्ध गांधार आणि शुद्ध मध्यम यांच्यात अर्धा स्वर आहे. मेजर कॉर्डवर मध्यम ठेवला की तो गांधाराच्या अंगावर येतो. दोघं एका घरात नांदत नाहीत. मायनरमध्ये गांधार अर्धा स्वर खाली सरकलेला असतो, त्यामुळे मध्यमाला पाय पसरायला पुरा एक स्वर जागा मिळते. म्हणून मायनर इलेव्हन कानाला कधीही खुपत नाही. धैवताचंही असंच : काफीतला धैवत शुद्ध आहे, पंचमापासून पुरा एक स्वर दूर. आसावरीतला कोमल धैवत घेतला तर तो पंचमाला घासतो, आणि कॉर्ड विस्तारित होण्याऐवजी जखमी होते. ती जखम कधी कधी हवी असते, पण ती या वहीत नाही.

आता अडचण. घडीत सात स्वर, गिटारला सहा तारा, आणि तार दाबायला बोटं चार. पेटीवाल्याकडे दोन्ही हात मिळून दहा बोटं असतात, शिवाय भाता मारायला एक हात गेला तरी पाच उरतात. गिटारवाल्याला सोडावंच लागतं. शिकवणीत सगळ्यात जास्त वेळ या एका गोष्टीवर जातो, कारण मुलांना वाटतं जितके स्वर जास्त तितकी कॉर्ड भारी. मला उलट वाटतं. विस्तारित कॉर्ड वाजवणं म्हणजे काय सोडायचं ते ठरवणं. सगळ्यात आधी पंचम सोडा. तो सा बरोबर आपोआप घुमतो, त्याला हाक मारायची गरज नाही. सोबत बेस गिटार किंवा कीबोर्डचा डावा हात असेल तर सासुद्धा सोडा. कोमल गांधार आणि कोमल निषाद मात्र धरून ठेवा, कारण कॉर्ड मायनर आहे हे पहिला सांगतो आणि ती नुसती मायनर नाही हे दुसरा सांगतो. उरलेल्या बोटांनी रे, म, ध यांतला एक घ्या. दोन घेतले तर विचारपूर्वक. विचार न करता एकही घेतला तर माझ्यासारखी फजिती होईल.

ती फजिती सांगूनच टाकतो. विशीत होतो. गावात सप्ताह होता आणि भजनाला गिटार घेऊन बसायची परवानगी मी मोठ्या मिनतवारीने मिळवली होती. बुवांनी भीमपलासीतला अभंग धरला. मी नुकतीच मायनर नाइन शिकलेलो. वाटलं, काफी थाटाचा राग आहे, काफीची घडी त्याच्याखाली अगदी चपखल बसणार. सबंध वेळ सा, कोमल ग, कोमल नि आणि डोक्यावर रिषभ, असा ठेका धरला. दुसऱ्या कडव्याला बुवांनी हात वर करून टाळ थांबवले आणि पखवाजाकडे बघत विचारलं, "अरे, रिषभ कोण धरून बसलंय?" पखवाजवाल्याने नुसती हनुवटी माझ्याकडे फिरवली. बुवा म्हणाले, "पोरा, तो फक्त उतरताना भेटतो. तू त्याला जिन्यावर उभा केलास." मंडळी हसली. मी पुढचा अभंग संपेपर्यंत गिटार गवसणीत घातलेली होती.

बुवांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. भीमपलासीच्या आरोहात रिषभ आणि धैवत नाहीत. चढताना कोमल नि, सा, कोमल ग, म, प, कोमल नि, सा, आणि उतरताना मात्र सातही. रागाला चढ-उतार असतो. कॉर्डला तो नसतो. कॉर्ड सगळे स्वर एकाच क्षणी उभे करते, त्यामुळे ज्या स्वराला फक्त येता-जाता भेटायचं असतं तो मध्येच ठिय्या देऊन बसतो. नंतर घरी आल्यावर लक्षात आलं, की भीमपलासीचा आरोह म्हणजेच मायनर सेव्हन अधिक मध्यम. म्हणजे तीच मोकळ्या तारांची कॉर्ड, जिच्यात रिषभ नाही. आणि मध्यम तर भीमपलासीचा वादी. रागाने स्वतःच ठरवून दिलं होतं की घडीतले कुठले पदर आत ठेवायचे. मी ते विचारलंच नव्हतं. अभंगाखाली, नाट्यपदाखाली, रागावर बेतलेल्या कुठल्याही चालीखाली विस्तारित कॉर्ड वाजवायची असेल तर आधी आरोहात काय नाही ते बघा. वहीतल्या शेवटच्या भागात भीमपलासी, धानी आणि बागेश्री यांसाठी कुठल्या कॉर्डी चालतात ते दिलं आहे. तोही भाग भीतभीतच दिला आहे, कारण खरं तर बहुतेक वेळा सा-प पुरतो.

आता इन्व्हर्जन. उदाहरणाला सगळीकडे ए मायनर घेतली आहे, म्हणजे सा पांढरी सहा. तिच्या सेव्हन कॉर्डीत चार स्वर : पांढरी सहा, एक, तीन, पाच. चार स्वर म्हणजे तळाला बसायला चार उमेदवार, म्हणून चार बैठका. वरच्या चार तारांवर, चौथ्या तारेपासून पहिल्या तारेकडे फ्रेटचे आकडे असे येतात. २-२-१-३ : तळाला पंचम. ५-५-५-५ : तळाला कोमल निषाद, एक बोट आडवं टाकलं की झालं. ७-९-८-८ : तळाला सा. १०-१२-१०-१२ : तळाला कोमल गांधार. हे चार आकार बोटांना पाठ होईपर्यंत पुढे जाऊ नका. पाठ म्हणजे बघून नव्हे. लाइट गेल्यावर अंधारात. आमच्याकडे तशी संधी वरचेवर मिळते.

चारही बैठकांत स्वर तेच, पण चार वेगळी माणसं बोलल्यासारखी वाजतात. तळाला गांधार आला की कॉर्डचं उदासपण जवळजवळ जातं. याचं कारण तानपुऱ्यात आहे. तानपुऱ्याची तार नीट लागली की तिच्यातून न छेडलेला गांधार ऐकू येतो, स्वयंभू गांधार म्हणतात तो, आणि तो शुद्ध असतो. कुठलीही तार छेडली की तिच्या पोटात हा शुद्ध गांधार असतोच. सा तळाला असताना वर कोमल गांधार धरला की त्याचं सा च्या पोटातल्या शुद्ध गांधाराशी भांडण लागतं. मायनर कॉर्डच्या आवाजात जी कातरता आहे तिच्यात या भांडणाचा मोठा वाटा आहे. पण कोमल गांधार स्वतःच तळाला जाऊन बसला, म्हणजे आपल्या उदाहरणात पांढरी एक, तर तिच्या पोटातला शुद्ध गांधार होतो पांढरी तीन, आणि ती कॉर्डमध्ये आहेच. भांडण मिटलं. म्हणून १०-१२-१०-१२ ही ए मायनर सेव्हन ऐकताना सी सिक्स वाटते. वाटते काय, तीच आहे. कागदावर दोन नावं आहेत, कानाला एक. कुठलं नाव खरं ते बेसवाला ठरवतो. लग्नाच्या वरातीत ते डीजेवाला ठरवतो, कारण तिथे तुमच्या तळाच्या स्वराला कुणी विचारत नाही.

नाइन करायची असेल तर या चार आकारांत जिथे जिथे सा आहे तिथे तो दोन फ्रेट वर सरकवून रिषभ करा, आणि गेलेल्या सा साठी मोकळी पाचवी तार, जी पांढरी सहाच आहे, खालून वाजू द्या. तानपुऱ्यासारखी. आकार असे होतात : २-४-१-३, ५-५-५-७, ९-९-८-८, १०-१२-१२-१२. मोकळी तार काढून टाकली तर या चारही सी मेजर सेव्हनच्या बैठका आहेत. म्हणजे मेजर सेव्हन ज्याला येते त्याला मायनर नाइन येतेच, फक्त त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं.

पण चारही सारख्या गोड नाहीत, आणि इथे बहुतेक पुस्तकं गप्प बसतात. चारही आकृत्या एका रांगेत छापतात आणि विद्यार्थ्याला वाटतं, कुठलीही घ्या. रिषभ आणि कोमल गांधार यांच्यात अर्धा स्वर आहे. कोण खाली, कोण वर आणि किती लांब, यावर सगळं अवलंबून. ५-५-५-७ मध्ये गांधार खाली आहे आणि रिषभ जवळजवळ एक सप्तक वर, एकदम टोकाला, तो तरंगतो. १०-१२-१२-१२ मध्येही तसंच. २-४-१-३ मध्ये दोघं शेजारी तारांवर खेटून बसतात. तिथे एक बारीक खरखर येते, ती एकट्या गिटारवर हळू छेडली तर सुरेख लागते, जोरात मारली तर तार चुकली असं वाटतं. आणि ९-९-८-८ मध्ये रिषभ तळाला, गांधार एका सप्तकाहून अर्धा स्वर जास्त वर. ही बैठक मला सहन होत नाही. एका कॉर्डवरून दुसरीकडे जाताना क्षणभर पाय टेकवायला ठीक आहे, मुक्कामाला नाही. दुसरे कुणी वेगळं म्हणतील. त्यांनी वेगळी वही लिहावी.

इलेव्हन आणि थर्टीनसाठी सगळ्यात सोपा रस्ता सहाव्या तारेवरून जातो. सहावी तार पाचव्या फ्रेटवर, पाचवी बंद, चौथी आणि तिसरी पाचव्यावर. झाले सा, कोमल नि, कोमल ग. आता दुसरी तार पाचव्या फ्रेटवर दाबली तर पंचम, म्हणजे साधी सेव्हन. तीच तार तिसऱ्यावर नेली तर मध्यम, म्हणजे इलेव्हन. सातव्यावर नेली तर धैवत, म्हणजे थर्टीन. एकच तार तीन फ्रेटवर फिरते आणि तीन कॉर्डी होतात. शिवाय या जागी धैवत निषादाच्या जवळजवळ सप्तकभर वर आहे, म्हणून त्या दोघांतला अर्धा स्वर बोचत नाही. फक्त थर्टीनवर फार वेळ थांबू नका. गांधार आणि धैवत मिळून तिला डी सेव्हनकडे ओढत राहतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं आता काहीतरी होणार.

ओढत असेल तर जाऊन बघा. ५-५-५-५ धरा आणि तिथून ४-५-३-५ वर या. चार स्वरांपैकी दोन जागेवरच राहिले. एक अर्धा स्वर उतरला, एक पुरा. झाली डी सेव्हन, तीही तळाला तिचा गांधार घेऊन. हात दांडीवर वर-खाली पळवावा लागला नाही. इन्व्हर्जन शिकायचं खरं कारण हे आहे. आवाजाचे चार रंग ही वरकमाई. कॉर्ड बदलताना प्रत्येक स्वराने शेजारच्या घरात जावं, गाव सोडून जाऊ नये, म्हणून बैठका शिकायच्या. पेटीवाले हे जन्मतः करतात. त्यांचं बोट जवळची पट्टी शोधतं. गिटारवाले बारे कॉर्ड शिकले की तोच आकार घेऊन पाचव्या फ्रेटवरून दहाव्यावर उड्या मारतात. मीही दहा वर्षं मारल्या.

या सगळ्यात परकं किती आणि आपलं किती, असा प्रश्न गावात नेहमी येतो. विचारणारा बहुतेक पेटीवाला असतो, त्यामुळे मला हसू येतं. पेटी पॅरिसहून आली. तिचे सूर ठोकळेबाज, तिच्यात मींड नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवलं. तोवर गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला मराठी केलेलं होतं. गिटारच्या फ्रेटमध्येही तोच दोष आहे. सतारीचा पडदा सरकवता येतो, हा ठोकलेला असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग धरले तर फ्रेटवरचा कोमल गांधार सा पासून ३०० भागांवर, आणि सहास पाच या सरळ गुणोत्तराने येणारा ३१६ वर. सोळा भाग कमी. गाणाऱ्याचा कान चांगला असेल तर त्याला हे कळतं, आणि कॉर्डीत गांधार वरच्या तारेवर उघडा पडला की जास्तच कळतं. आवाजाबरोबर वाजवताना मी गांधार मधल्या तारांत झाकून ठेवतो, ते एवढ्यासाठी.

कॉर्डीची विद्या आपल्याकडे गोव्याच्या वाटेने आली. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. त्यातले कित्येक वादक मुंबईला येऊन हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल यांचे ते व्हायोलिनचे गुरू. संगीतकार पेटीवर चाल देत, आणि तिच्याखाली कुठले स्वर बसवायचे ते सेबास्टियन डिसोझांसारखे संयोजक लिहीत. आपल्या आई-वडिलांनी रेडिओवर जी गाणी ऐकली त्यांत मायनर सेव्हन आणि नाइन भरपूर होत्या. कुणी नाव सांगितलं नाही एवढंच.

गिटारवर मायनरची घडी कशी उलगडायची हे ज्याला ऐकायचं असेल त्याने अमान्सियो डिसिल्व्हा ऐकावेत. गोव्याकडच्या घरातले, १९३६ साली मुंबईत जन्मलेले. १९६७ साली लंडनला गेले, आणि दोन वर्षांत त्यांची 'इंटिग्रेशन' ही ध्वनिमुद्रिका आली. त्याच १९६९ साली सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्याबरोबर 'हम दोनो'. लंडनच्या तबकडीचं नाव 'हम दोनो' आहे, हे वाचल्यावर मी दोनदा तपासलं होतं. 'कोकण डान्स' नावाचं त्यांचं काम तर १९९६ साली ते गेल्यानंतर दहा वर्षांनी बाहेर आलं. ते एका मायनर कॉर्डवर बराच वेळ थांबतात आणि तिच्याभोवती राग गायल्यासारखे फिरतात. सगळे पदर एकदम उघडत नाहीत. आमच्या बुवांना ते आवडले असते असं मला वाटतं.

दुसरं ऐकायचं ते माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ सालच्या 'काइंड ऑफ ब्लू' मधलं पहिलं वादन, 'सो व्हॉट'. पांढरी दोनचा काफी. सुरुवातीला बेस बोलतो आणि पियानो दोन कॉर्डींत हुंकार देतो. त्यातल्या पहिल्या कॉर्डचे स्वर खालून वर : पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात. गिटारच्या मोकळ्या पाच तारा, फक्त एक सप्तक वर. जगभरच्या पियानोवाल्यांनी ही बैठक मुद्दाम पाठ केली आहे. आमची लेकरं पहिल्या दिवशी ती अंगठ्याने वाजवतात आणि विचारतात, हे काय वाजलं.

वाद्याबद्दल थोडं. आमच्या भागात येणारी गिटार बहुतेक स्वस्तातली, प्लायची, स्टीलच्या तारांची असते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं दांडीच्या कडेला बाहेर येऊन हाताला लागतात. ती कानशीने हलक्या हाताने घासून घ्या. दांडी वाकली की तारा उंच होतात. उंच तार दाबताना ताणली जाते आणि सूर चढतो, दहाव्या-बाराव्या फ्रेटवर जास्तच. मग १०-१२-१०-१२ बेसूर लागते आणि विद्यार्थी स्वतःच्या बोटांना दोष देतो. आधी बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून घंटेसारखा सूर काढा, मग तीच तार तिथेच दाबून वाजवा. दोन्ही सूर जुळले नाहीत तर दोष वाद्याचा. दुरुस्ती होईपर्यंत पहिल्या सात फ्रेटमधल्या बैठका वाजवा.

दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि वर्गातली दोन-तीन पोरं आई-बापाबरोबर जातात. परत येतात तेव्हा तळहाताला कोयत्याचे घट्टे असतात आणि बोटांची टोकं मऊ पडलेली असतात. गिटारला नेमकं उलटं लागतं. या मुलांचा विचार करून वहीचे धडे तुटक ठेवले आहेत. प्रत्येक धडा स्वतंत्र आहे, मधले पाच महिने गेले तरी मागचा पुन्हा उगाळावा लागत नाही. गिटार सोबत नेता येत नाही, वही नेता येते. तिच्यात प्रत्येक कॉर्डीचे स्वर सरगमीत लिहिले आहेत ते म्हणून बघण्यासाठी. तळाचा स्वर मनात धरायचा आणि वरचे एकेक म्हणायचे. चारही बैठका अशा म्हणता आल्या की बोटं मागून येतात.

आकडे दोनदा तपासले आहेत, तरी कुठे चूक सापडली तर पेन्सिलीने दुरुस्त करून मला दाखवा. तळाला सा सोडून दुसरा स्वर आहे तिथे तो चौकटीत लिहिला आहे. सा कुठला धरला ते प्रत्येक पानाच्या माथ्यावर आहे. तो आधी पेटीवर किंवा तंबोऱ्याच्या ॲपवर लावून मगच वाजवायला बसा. पहिल्या धड्याला डावा हात लागत नाही.